रिसेलचा फ्लॅट घेण्याआधी काय काय तपासावे? (ठाणे व नवी मुंबई)

चंदनवाडीकर

रिसेलचा फ्लॅट पाहायला गेलेली माणसे साधारणपणे उजेड, हवा, किचनचा ओटा, टाइल्स आणि स्टेशनचे अंतर पाहतात आणि बहुतेक वेळा त्याच भेटीत मनाशी निर्णय करून मोकळी होतात. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात गेली, त्यामुळे नात्यातली आणि ओळखीची मंडळी घर घेताना मला सोबत नेतात. अशा वेळी मी काय पाहतो आणि का पाहतो, ते येथे सविस्तर लिहीत आहे. मालकी हक्क, स्टँप ड्युटी, सिडकोचे हस्तांतरण शुल्क हे विषय महत्त्वाचे असले तरी वेगळे आहेत. हा धागा बांधकामाच्या स्थितीपुरता ठेवू या.

माझे पहिले म्हणणे असे, की फ्लॅट सर्वांत शेवटी पाहावा. फ्लॅटच्या आतले जवळजवळ सगळे काही पैसे खर्चून आपल्या मर्जीने बदलता येते. फरशी, नळ, वायरिंग, दारे-खिडक्या या गोष्टींसाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही. कॉलम (खांब), बीम (तुळया), स्लॅब, गच्ची आणि डक्टमधले (पाइप नेण्यासाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतले) पाइप मात्र एकट्याने बदलता येत नाहीत. त्यासाठी संपूर्ण सोसायटी तयार व्हावी लागते, वर्गणी निघावी लागते आणि तोवर आपण हप्ते भरत त्याच छताखाली राहत असतो.

म्हणून मी आधी स्टिल्ट पार्किंगमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, जाऊन वर पाहतो. घर विकायच्या वेळी कोणीही स्टिल्टचे छत रंगवत नाही, त्यामुळे इमारतीची खरी अवस्था तेथे उघडी असते. बीमच्या खालच्या कडेने सळईच्या रेषेत गेलेली लांब भेग, त्यातून ओघळलेला तांबूस डाग, काँक्रीटचा सुटलेला पापुद्रा आणि त्यातून दिसणारी सळई, किंवा नुकतेच केलेले आणि बाकीच्या छतापेक्षा वेगळ्या रंगाचे प्लास्टरचे ठिगळ, यांपैकी काही दिसले तर तेथे थांबून विचार करावा. स्टिल्टच्या छताखालून आडवे जाणारे सांडपाण्याचे पाइप गळत असतील तर त्यांच्या जोडांच्या आसपासचा स्लॅब काळपट आणि ओला दिसतो. कॉलमचा जमिनीलगतचा दोन-तीन फुटांचा भाग तर हाताने चाचपून पाहावा, कारण पावसाळ्यात साचलेले आणि गाड्या धुताना उडालेले पाणी तेथेच मुरते.

आपल्याकडे हे इतके महत्त्वाचे का, ते समजून घेतले पाहिजे. चांगल्या काँक्रीटमध्ये अल्कलीचे प्रमाण भरपूर असते, त्याचा सामू (पीएच) १२ च्या वर असतो, आणि त्यामुळे आतल्या सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत गेला की हा सामू उतरतो. दुसरीकडे खाडीवरच्या खाऱ्या हवेतले क्लोराइड तोच थर फोडते. बांधकामाच्या वेळी खाडीची रेती नीट न धुता वापरली गेली असेल, तर क्लोराइड पहिल्या दिवसापासूनच आत असते. एकदा सळई गंजू लागली की गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतून बाहेर ढकलतो. म्हणजे भेग दिसते तेव्हा गंज आत बराच पुढे गेलेला असतो. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे कॉलमच्या सळईवर किमान ४० मिलिमीटर काँक्रीटचे कव्हर असावे लागते. जुन्या इमारतींत जेथे ते कमी पडले आहे, तेथे हा प्रकार लवकर सुरू होतो. सळईच्या रेषेतल्या भेगेवर नुसते सिमेंटचे प्लास्टर मारले तर ते दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा फुगते, कारण मूळ कारण तसेच राहते.

स्टिल्टनंतर जिना, मग इमारतीची मागची बाजू आणि डक्ट, मग गच्ची, आणि सरतेशेवटी फ्लॅट, असा माझा क्रम असतो. डक्टमध्ये डोकावल्यावर भिंतीतून उगवलेले पिंपळाचे रोप दिसले तर तेथे सतत ओल आहे, हे निश्चित समजावे. गच्चीवर पाण्याच्या टाकीचा तळ आणि तिच्या खालचे बीम अवश्य पाहावेत. गच्चीवर पत्र्याची शेड घातलेली असेल तर ती का घातली, हे विचारावे. पुष्कळदा गळती थांबत नाही म्हणून शेड घातलेली असते आणि खालच्या स्लॅबची दुरुस्ती राहूनच गेलेली असते.

मेधा_ऐरोली

अतिशय उपयुक्त धागा, मनःपूर्वक आभार. आम्ही कोपरखैरणे आणि ऐरोली भागात पाहत आहोत. आम्हाला दाखवलेले बहुतेक फ्लॅट ताजे रंगवलेले आहेत आणि हॉल-बेडरूमला पीओपीचे फॉल्स सीलिंग आहे. अशा वेळी आतली ओल कशी ओळखावी? शिवाय एजंटचे म्हणणे असे, की याच इमारतीत मोठ्या बँकांनी कर्जे दिलेली आहेत, तेव्हा इमारत चांगलीच असणार. हे कितपत धरून चालावे?

चंदनवाडीकर

मेधाताई, बँकेचा मुद्दा आधी घेतो. बँकेचा वकील मालकी हक्काची साखळी तपासतो आणि व्हॅल्युअर फ्लॅटचे बाजारमूल्य काढतो. व्हॅल्युअर इमारतीचे वय आणि वरवरची स्थिती नोंदवतो, परंतु तो काँक्रीटची चाचणी करत नाही. बँकेला आपले कर्ज वसूल होईल इतकी किंमत त्या मालमत्तेला आहे ना, एवढ्याशीच मतलब असतो. तुम्हाला तेथे पुढची वीस-पंचवीस वर्षे राहायचे आहे.

ताज्या रंगाच्या घरात रंग जेथे पोहोचत नाही तेथे पाहावे. बाथरूमच्या भिंतीला पाठ लावून उभे असलेले बेडरूममधले कपाट उघडा, खालच्या कप्प्यातले सामान बाजूला करायची परवानगी मागा आणि मागच्या प्लायवर हात फिरवा. प्लाय फुगलेला, पदर सुटलेला किंवा कुबट वासाचा असेल, तर पलीकडच्या भिंतीत पाणी आहे. बाथरूमच्या दाराच्या चौकटीचा फरशीलगतचा वीतभर भाग पाहा. लाकूड मऊ पडलेले किंवा ग्रॅनाइटच्या चौकटीलगतचे प्लास्टर भुरभुरीत झालेले दिसले, तर तेथे आतून ओल चढते आहे. माळ्यावर टॉर्च मारून स्लॅबचा आणि भिंतीचा सांधा पाहा, कारण रंगारी तेथपर्यंत सहसा जात नाहीत. भिंतीला लोणा लागलेला असेल तर नव्या रंगाखालीसुद्धा बोटाला खरखरीत पांढरी भुकटी जाणवते. फॉल्स सीलिंगला दिव्यांसाठी भोके असतात. एक दिवा खाली ओढून मोबाइलच्या कॅमेऱ्याने आतला स्लॅब पाहता येतो. मालकाने याला हरकत घेण्याचे कारण नसावे.

टॉयलेट-बाथरूमविषयी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तुमच्या छतावर दिसणारा ओला डाग वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचा असतो, आणि तुमच्या बाथरूमची गळती तुम्हाला कधीच दिसत नाही, ती खालच्या घराच्या छतावर दिसते. घर घेतल्यावर तुमच्याकडे जबाबदारी येते ती या दुसऱ्या गळतीची, कारण सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) गच्चीची आणि सामाईक पाइपची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते, तर संडास, मोरी, सिंक यांतून होणारी अंतर्गत गळती त्या त्या सदस्याने स्वतःच्या खर्चाने थांबवायची असते. म्हणून खालच्या मजल्यावरचे दार वाजवावे, आपण वरचे घर घेण्याच्या विचारात आहोत असे स्वच्छ सांगावे आणि त्यांच्या बाथरूमचे छत पाहू द्यावे अशी विनंती करावी. खालच्या शेजाऱ्यांना त्रास असेल तर ते दहा मिनिटांत सगळा इतिहास सांगतात, कितीदा तक्रार केली, कधी काम केले आणि ते किती टिकले, हेसुद्धा.

आपल्याकडच्या बाथरूमचा स्लॅब बऱ्याच इमारतींत खाली घेतलेला असतो, त्यालाच संकन स्लॅब म्हणतात. त्यावर वॉटरप्रूफिंग आणि ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा भराव) करून मग फरशी बसवलेली असते. नहाणी ट्रॅपच्या (फरशीवरचे पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या) किंवा कमोडच्या सांध्यातून झिरपलेले पाणी त्या भरावात साचून राहते आणि महिनोन्‌महिने खाली पाझरत असते. मालकाने 'रिनोव्हेशन केले आहे' असे सांगितले तर जुनी फरशी आणि कोबा काढून वॉटरप्रूफिंग नव्याने केले, की जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवल्या, हे विचारणे आवश्यक आहे. दुसरा प्रकार असेल तर बाथरूम कितीही देखणे असले तरी ते जुने समजूनच किंमत ठरवावी. घर रिकामे असेल आणि मालक तयार असेल तर ट्रॅप बंद करून फरशीवर दीड-दोन इंच पाणी २४ ते ४८ तास साठवून ठेवावे आणि खालचे छत आधी व नंतर पाहावे. याहून स्वस्त आणि खात्रीची चाचणी मला ठाऊक नाही.

कोपरीकर

मी आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीवर अनेक वर्षे आहे, म्हणून इमारतीच्या दप्तराविषयी लिहितो. दप्तर वाचणे हासुद्धा इमारतीच्या तपासणीचाच भाग आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ प्रमाणे ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेऊन स्थैर्य प्रमाणपत्र महापालिकेला सादर करणे बंधनकारक आहे. ही ३० वर्षे भोगवटा प्रमाणपत्राच्या (इमारत वापरण्याच्या महापालिकेच्या परवानगीच्या) तारखेपासून किंवा किमान निम्मी इमारत वापरात आल्याच्या तारखेपासून, यांपैकी जी आधीची असेल तिच्यापासून मोजतात. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे हीच संरचनात्मक तपासणी, दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. त्यामुळे वीस वर्षांच्या इमारतीचे सचिव 'आमच्याकडे अजून ऑडिटची वेळ आलेली नाही' असे सांगत असतील, तर ते बरोबर नाही.

ऑडिटचा अहवाल मिळाल्यावर शेवटचे पान आधी वाचावे आणि इमारत कोणत्या वर्गात बसवली आहे ते पाहावे. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होणारी. आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिका पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात, त्यात आपली इमारत आहे का ते पाहणे अगदी सोपे आहे.

अहवालाइतकेच वार्षिक सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तांनाही महत्त्व द्यावे, असे मला वाटते. मागच्या चार-पाच वर्षांची इतिवृत्ते वाचली की गळतीच्या तक्रारी, लिफ्ट बंद पडणे, दुरुस्तीची रखडलेली वर्गणी, ठेकेदाराशी झालेले वाद हे सगळे त्यांत सापडते. सोबत ताळेबंद पाहावा. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीसाठी) किमान ०.२५ टक्के वर्गणी काढायची असते. निधीत नाममात्र रक्कम आणि अहवालात सी-२बी, अशी जोडी दिसली तर मोठी वर्गणी तुमच्या नावावर निघणार, हे आत्ताच हिशेबात धरावे.

सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे ही कागदपत्रे पाहण्याचा हक्क सदस्याला आहे, बाहेरच्या खरेदीदाराला नाही. म्हणून सोसायटीच्या कार्यालयात स्वतः जाऊन भांडण्यात अर्थ नाही. विकणाऱ्यालाच लेखी अर्ज द्यायला सांगावे.

घोडबंदर_निवासी

एवढी यातायात करण्यापेक्षा नवीन इमारतीत घर घेणे बरे, असे माझे प्रामाणिक मत आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ (३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष निदर्शनास आणून दिला, तर विकासकाला तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. जुन्या इमारतीत असे संरक्षण कोठे आहे?

चंदनवाडीकर

संरक्षण निश्चितच आहे आणि ते चांगले आहे, परंतु दोष शोधून लेखी कळवण्याचे काम शेवटी आपल्यालाच करावे लागते. न पाहणाऱ्याला कोणताही कायदा उपयोगी पडत नाही. नव्या घराचा ताबा घेताना टाइल्सवर नाण्याने टकटक करून पोकळ वाजणाऱ्या टाइल्सवर खडूने खुणा करून ठेवाव्यात, बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते ट्रॅपकडे जाते की दाराकडे येते ते पाहावे, आणि पश्चिम व नैऋत्येकडच्या खिडक्यांच्या चौकटींचे सांधे पहिल्या पावसात तपासावेत. आपल्याकडचा पाऊस त्याच बाजूने झोडपतो. शिवाय जुनी इमारत म्हटली की ती वाईटच, असेही नाही. योग्य कव्हर ठेवून बांधलेली आणि वेळच्या वेळी दुरुस्त केलेली पस्तीस वर्षांची इमारत मी निःशंकपणे सुचवलेली आहे.

भोगवटा प्रमाणपत्राशिवायच्या इमारतीच्या बाबतीत मात्र माझे मत ठाम आहे, मग ती जुनी असो की नवी. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्यातल्या शीळ येथे कोसळलेली इमारत अनधिकृत होती आणि तिचे बांधकाम चालू असतानाच तिच्यात लोक राहायला आले होते. त्या दुर्घटनेत ७४ जण गेले. जेथे आराखडा मंजूर नाही तेथे पाया किती खोल आहे आणि सळई किती घातली आहे, हे कोणीही तपासलेले नसते, आणि नंतर आपल्यालाही ते बाहेरून पाहून कळत नाही. असे घर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

नेरुळ_पश्चिम

आम्ही परवा पाहिलेल्या फ्लॅटमध्ये भिंतींवर पुष्कळ बारीक भेगा होत्या, आणि कंपाउंडमधले पेव्हर ब्लॉक एका बाजूला चांगलेच खचलेले दिसले. जागा खाडीच्या भरावाची आहे. इमारत खचते आहे असे समजून तो फ्लॅट सोडून दिला. निर्णय बरोबर होता ना?

चंदनवाडीकर

भराव दबून पेव्हर खचणे नवी मुंबईत सर्रास दिसते. इमारत पाइलवर (जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर) किंवा खडकापर्यंत नेलेल्या पायावर असेल तर आजूबाजूचा भराव बसला तरी इमारत जागची हलत नाही, मात्र जमिनीतले ड्रेनेजचे पाइप त्यामुळे तुटू शकतात, म्हणून चेंबरची झाकणे उघडून पाणी वाहते आहे का ते पाहणे योग्य ठरते. इमारत खचण्याच्या खुणा वेगळ्या असतात: एकाच बाजूच्या अनेक मजल्यांवर खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या जाणाऱ्या भेगा, न लागणारी दारे, स्लॅबला एका दिशेने आलेला उतार.

भेगांचेही तसेच आहे. जाळीसारख्या पसरलेल्या केसाएवढ्या भेगा बहुधा प्लास्टर आकसल्याच्या असतात. बीमच्या खाली विटांची भिंत जेथे भेटते तेथली सरळ आडवी भेग दोन वेगळ्या साहित्यांच्या सांध्याची असते आणि ती सहसा निर्धोक असते. काळजी करायची ती कॉलम-बीमवरच्या, सळईच्या रेषेतल्या किंवा तिरप्या भेगेची. तुम्ही तो फ्लॅट सोडलात यात नुकसान काही नाही, पण केवळ या दोन कारणांवरून इमारत वाईट ठरवता आली नसती.

मेधा_ऐरोली

आज दोन ठिकाणी जाऊन स्टिल्टचे छत पाहिले. एका इमारतीत तिसऱ्या बीमलाच तुम्ही वर्णन केलेली तांबूस डागांची भेग सापडली, आणि त्याच इमारतीत एजंट आम्हाला लगेच टोकन द्यायला सांगत होता. दुसरी इमारत बरी वाटते. तेथे स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर नेता येईल का, आणि टोकन देताना काय खबरदारी घ्यावी?

चंदनवाडीकर

जरूर न्यावा. संपूर्ण ऑडिट करणे सोसायटीचे काम असले तरी एका फ्लॅटपुरते निरीक्षण आणि रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स यांसारख्या काही तोडून न पाहता होणाऱ्या चाचण्या मालकाच्या परवानगीने करता येतात. सामाईक भागातल्या कॉलमवर चाचणी करायची असेल तर सोसायटीची लेखी संमती घ्यावी. जेथे काँक्रीट आधीच फुटलेले आहे तेथे इंजिनिअर आतला ताजा भाग उघडा करून त्यावर फिनॉल्फ्थेलिन या रसायनाचा फवारा मारून दाखवू शकतो. काँक्रीट गुलाबी झाले तर अल्कली शिल्लक आहे, आणि सळईपर्यंत रंगच आला नाही तर संरक्षण संपलेले आहे. फ्लॅटच्या किमतीच्या मानाने या कामाची फी फारच थोडी असते.

याच इंजिनिअरला आणखी एक पाहायला सांगा. मालकाने हॉल मोठा करण्यासाठी भिंत किंवा कॉलमचा कोपरा तोडला आहे का, बाल्कनी आणि फ्लॉवर बेड (खिडकीबाहेर झाडांसाठी काढलेला भाग) आत घेतले आहेत का, हे मंजूर नकाशाशी ताडून पाहायला हवे. बाहेर काढलेला फ्लॉवर बेड फरशी, कपाट आणि माणसे यांचा भार धरून बांधलेला नसतो. वायरिंगसाठी वेगळा इलेक्ट्रिशियन नेऊन अर्थिंग आणि महावितरणकडचा मंजूर लोड तेवढा पाहून घ्या, तो विषय लवकर मिटतो.

टोकनची रक्कम लहान ठेवा आणि विसार पावतीत (टोकनच्या पावतीत) स्पष्ट अट घाला, की खरेदीदाराच्या इंजिनिअरची पाहणी होईपर्यंत आणि सोसायटीचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल मिळेपर्यंत व्यवहार पक्का धरला जाणार नाही, आणि इमारत सी-१ किंवा सी-२ए वर्गात निघाल्यास टोकन पूर्ण परत केले जाईल. तारीख घालून अट लिहिली तर बहुतेक विक्रेते मान्य करतात.

कोपरीकर

याच पावतीत आणखी एक वाक्य वाढवावे: साठेखताच्या (विक्रीच्या कराराच्या) तारखेपर्यंत सर्वसाधारण सभेने मंजूर केलेली दुरुस्तीची वर्गणी, तिचे हप्ते पुढे येणार असले तरी, विकणाऱ्याने भरायची. हे लिहिलेले नसेल तर सोसायटी नव्या सदस्याकडेच मागणी करते आणि मग जुन्या मालकाच्या मागे धावावे लागते. मेधाताई, सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला घेताना 'मंजूर झालेली पण अद्याप आकारणी न केलेली वर्गणी' असा स्वतंत्र उल्लेख मागून घ्या. नुसत्या 'नो ड्यूज' दाखल्यात ती रक्कम येत नाही.